हक्कांचा अभ्यास (भाग ७) : कलम ३१४ आणि तुळशीवाडीची झोपडी

मागच्या आठवड्यात आपण मनेका गांधी खटला पाहिला. सरकारने पासपोर्ट जमा करायला सांगितला आणि कारण द्यायला नकार दिला. त्यावर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की माणसाचं स्वातंत्र्य हिरावायची पद्धत नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्यही असावी लागते. हा निकाल मुलांना लगेच पटतो. कस लागतो तो १९८५ च्या ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या निकालापाशी.

गाईडमध्ये त्याची एकच ओळ असते : अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. मुलं ती पाठ करून येतात. मी आधी निकालातली हकीकत मोठ्याने वाचायला लावतो. अर्जदारांत संगमनेरहून आलेला एक चर्मकार आहे. गावी दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. तिथलं घर पडलं, १९६९ मध्ये तो मुंबईत आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकला ७०० लागले. डोक्यावरच्या त्या छपरापायी जवळजवळ तीन महिन्यांचा पगार गेला. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी धाडण्याची घोषणा केली आणि ऐन पावसाळ्यात पाडापाडी सुरू झाली. दुसऱ्या एका अर्जदाराला बसमध्ये बसवून तामिळनाडूत सेलमला पाठवलं. बायको-मुली तिथे राहिल्या, तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

पालिकेचा आधार होता तिच्या अधिनियमाचं कलम ३१४. फुटपाथवरचं अतिक्रमण आयुक्त नोटीस न देता हटवू शकतात, असं ते म्हणतं. या ‘शकतात’वर मी अख्खा तास घालवतो. कारण न्यायालयाने त्यावरच बोट ठेवलं : नोटीस न देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. एरवी नोटीस द्यायचीच, न देणं हा अपवाद.

आणि तरीही अर्जदार हरले. कलम वैध ठरलं. सुनावणी व्हायला हवी होती हे न्यायालयाने मान्य केलं, पण आम्ही तुमचं सविस्तर ऐकलंच आहे, तेव्हा आयुक्तांनी पुन्हा ऐकायची गरज नाही, असंही म्हटलं. पाडकाम ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबलं. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना मालवणीत किंवा इतरत्र जागा द्यायची होती, पण ती आधी द्यावी अशी अट नव्हती.

मला हा भाग चुकीचा वाटतो. दिल्लीत वकिलांनी घटनेवर केलेला युक्तिवाद ही त्या झोपडीची सुनावणी नव्हे. ती खरोखर रस्ता अडवते का, आत कोण राहतं, कामाची जागा किती लांब, हे ज्याच्या-त्याच्याकडूनच ऐकायला हवं होतं.

म्हणून तासाच्या शेवटी मी मुलांना तुळशीवाडीच्या त्या झोपडीसाठी कलम ३१४ खालची नोटीस लिहायला देतो. मुदत, कारण, सुनावणीची तारीख, सगळं भराभर लिहून होतं. मग वरच्या कोपऱ्यात नाव लिहितात आणि त्याखाली पत्ता काय घालायचा, तिथे पेनं थांबतात.