सानगडी : खचण्यापेक्षा बुजण्याची भीती

भंडारा जिल्ह्यात साकोलीला राष्ट्रीय महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळले की धानाच्या बांध्या लागतात आणि मधूनच मातीची लांबलचक पाळ दिसते. या टापूतले सानगडी लोकांना ठाऊक आहे ते टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यामुळे, म्हणजे सहानगडामुळे. गड पाहावाच, पण हा मुलूख कळून घ्यायचा तर नजर खाली, खळग्यांकडे हवी.

पायाखालची जमीन एकाएकी खचून खळगा पडला, तर कारण बहुधा आत खोलवर असते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडक विरघळवते, पोकळी वाढत जाते आणि एक दिवस वरचे छप्पर कोसळते. कधी ही पोकळी माणसानेच करून ठेवलेली असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातले एक घर बघता बघता साठ-सत्तर फूट खाली गेले. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. हादरे जाणवताच घरातली माणसे बाहेर पडली, म्हणून वाचली.

साकोलीकडचा खडक मात्र पाण्याला अशी दाद देणारा नाही. भूशास्त्रज्ञ ज्याला ‘साकोली समूह’ म्हणतात ते फायलाइट, शिस्ट, क्वार्ट्झाइट शंभर कोटी वर्षांहून जुने. पाण्याने झिजतील, पण चुनखडकासारखे विरघळायचे नाहीत. त्यामुळे इथे खळगे आपोआप पडले नाहीत, ते घडवावे लागले.

ते काम गोंड राजांच्या आणि पुढे भोसल्यांच्या अमलात प्रामुख्याने कोहळी समाजाने केले. खोदकामापेक्षा जागेची पारख मोठी. उतार कुठे जातो ते बघायचे, दोन उंचवट्यांमधला सखल भाग हेरायचा आणि खालच्या अंगाला पाळ घालायची. वरच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, निसटलेले पाणी खालच्या तलावाला मिळते, शेतीचे पाणी तुडुमातून सुटते आणि जास्तीचे सलंगावरून वाहून जाते. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव आहेत. सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी’, बोलण्यात सरळ ‘मामा तलाव’.

इथे खचते ती पाळ. खेकड्यांची, उंदरांची बिळे किंवा वाळलेल्या झाडाची कुजलेली मुळे पाण्याला आत वाट देतात. पायथ्याशी निवळ पाणी पाझरत असेल तर फारसे घाबरायचे कारण नसते. पाझर गढूळ झाला की समजावे, पाणी आतली माती घेऊन चालले आहे. मग पाळीच्या माथ्यावर खड्डा दिसतो. घुग्घुसला झाले तेच, फक्त लहान मापात. तेव्हाही हयगय केली तर भगदाड पडायला वेळ लागत नाही आणि खालच्या बांध्यांत रेती पसरते. पाळीवरून चालत बिळे शोधणारा माणूस म्हणूनच तलावाला लागतो.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ही राखण सैल पडली. गाळ साचला, बेशरम नावाच्या झुडपाने काठ धरला, कडेची जमीन हळूहळू शेतात गेली. खळगे उथळ झाले.

आता गाळ काढायला यंत्रे येतात, ते चांगलेच. पण तळ सरसकट खरवडला तर पाणी धरून ठेवणारा चिकण थर फुटतो आणि तलाव गळू लागतो. उथळ काठही जातो. देवधान हा रानभात उगवतो तो तिथेच, मासे अंडी घालतात तेही तिथेच. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन वेगळी पद्धत धरली आहे: आधी बेशरम उपटायची, मग तळाची जमीन नांगरून तिथे स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. काम संथ, आणि उद्घाटनाचा फोटोही फारसा देखणा येत नाही. सानगडीच्या भागातल्या बोड्यांना मात्र हीच पद्धत मानवेल.