जळणाची चव

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरच्या शिवारात डिसेंबर सरत आला की कपाशी उपटायला सुरुवात होते. शेवटची वेचणी झालेली असते, गुलाबी बोंडअळीच्या धास्तीनं फरदड म्हणून पीक तसंच ठेवायची सोय उरलेली नसते आणि पुढच्या पिकाला रान मोकळं करून हवं असतं. बांधावर काड्यांचे ढीग पडतात. कापूस जिनिंगला जातो, सरकी तेलाला जाते, पेंड ढोरांना जाते. काड्यांना फारसं कुणी विचारत नाही. काही चुलीखाली जातात, काही रोटाव्हेटरखाली, उरलेल्या रानातच पेटवून देतात. खानदेशचं नाव ज्या पदार्थानं पुण्यामुंबईत आणि त्याही पलीकडे नेलं, त्याची निम्मी चव या ढिगात आहे. भरताचं सगळं श्रेय मात्र आपण वांग्याला देऊन मोकळे होतो. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. बामणोद, असोदा या गावांची हिरवट पांढुरकी, मोठाली, कमी बियांची वांगी दुसरीकडे तशी होत नाहीत. पण मानांकन मिळालं ते भाजीला. ती कशावर भाजायची, किती जाळावर, कुणाच्या हातानं, याला कुठला शिक्का नाही. माझं म्हणणं असं की धुरावरचा कुठलाही पदार्थ आधी त्याच्या जळणाचा असतो आणि मग त्यात भाजल्या जाणाऱ्या वस्तूचा. अमेरिकेतल्या बार्बेक्यूवाल्यांना हे कळलं म्हणून त्यांचा पदार्थ परदेशात रुजला. आपलं भरीत डब्यात बसून प्रवास करतं आणि वाटेतच निम्मं होतं.

टेक्सासमध्ये लॉकहार्ट, टेलर, एल्गिन ही गावं धुरावरच्या मांसासाठी ओळखली जातात. लॉकहार्टला तर १९९९ मध्ये टेक्सासच्या प्रतिनिधिगृहानं राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवून टाकलं. हा सगळा पट्टा मुळात कापसाचा. एकोणिसाव्या शतकात तिथं वसलेले जर्मन आणि चेक खाटीक न खपलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून धुरावर धरत. त्याला गिऱ्हाईक मिळालं ते कापूस वेचायला आलेल्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मजुरांचं. गावातल्या खाणावळीत त्यांना थारा नव्हता. खाटकाच्या दुकानातून कागदात बांधलेलं गरम मांस घ्यायचं आणि बाहेर उभ्यानं हातानं खायचं. आज तिथल्या नामांकित दुकानांतही मांस कागदावरच वाढतात, ती पद्धत तिथून आली. दक्षिणेतल्या इतर राज्यांत ही कला गुलामगिरीत राबलेल्या कृष्णवर्णीय आचाऱ्यांनी घडवली आणि त्यांची नावं बहुतेक कुणी लिहून ठेवली नाहीत. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या खानदेश-वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला होता. त्यामुळे कापसाच्या या दोन मुलखांचा एकमेकांशी संबंध तसा नवा नाही. खाणं राबणाऱ्यांचं, जळण आजूबाजूला मिळेल ते, हा भागही दोन्हीकडे सारखाच आहे.

जळण आजूबाजूचं, ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे. मध्य टेक्सासात पोस्ट ओक नावाचं झाड भरपूर होतं, म्हणून तिथली भट्टी पोस्ट ओकची. टेनेसीकडे हिकरी, दक्षिण टेक्सासच्या कोरड्या पट्ट्यात मेस्किट. (हे मेस्किट म्हणजे आपल्या ओढ्यानाल्यांच्या काठी माजलेल्या वेड्या बाभळीचं भाऊबंद.) ओकचा ओंडका सावकाश आणि एकसारखा जळतो, बारा तास उष्णता धरून ठेवायची तर असंच लाकूड लागतं. मग त्या बारा तासांत शिजण्याजोगी वस्तू कोणती? ब्रिस्केट, म्हणजे जनावराच्या छातीचा, अंगाचा भार पेलून चिवट झालेला, एके काळी स्वस्तात जाणारा तुकडा. एकशे दहा ते एकशे वीस अंश सेल्सिअसच्या आसपास तो धुरात ठेवतात. आतलं तापमान चढत चढत पासष्ट-सत्तर अंशांपाशी येतं आणि तिथंच अडतं, कधी चारचार तास. मांसातला ओलावा वर येऊन उडत असतो आणि मिळेल ती उष्णता तोच खाऊन टाकतो. नवखा माणूस इथं घाबरून लाकडं सारतो आणि मांस वाळवून बसतो. जाणता भट्टीचं दार उघडत नाही. ओलावा उडून गेला की तापमान पुन्हा चढतं, चिवट कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि मांस बोटानं तुटतं. मसाला म्हणाल तर मीठ आणि मिरी. बाकीचं काम लाकडातल्या लिग्निनचं. ते जळताना ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल नावाची द्रव्यं सुटतात, ज्याला आपण धुराचा वास म्हणतो तो मुख्यतः त्यांचा.

आता काड्यांकडे या. कपाशीची काडी अंगठ्याएवढी जाड, वरून सालटी, आतून हलकी. ती भडकून पेटते, तडतडते, हातभर ज्वाळा उठते आणि थोड्या वेळात बसते. तुरीची काठी जरा टणक आणि जास्त तापणारी, पण जात तीच. अशा जळणावर बारा तासांचं काहीही शिजणार नाही. विझायच्या आत शिजून तयार होईल, बाहेरून कितीही करपलं तरी बिघडणार नाही आणि आत स्वतःचं पाणी बाळगून असेल, अशीच वस्तू त्यावर टाकता येते. मोठं भरीत वांगं या तिन्ही अटींत बसतं. त्याच्या गरात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि साल फेकूनच द्यायची असते. काड्यांचा थर अंथरतात, त्यावर तेलाचा हात फिरवलेली वांगी मांडतात, वर पुन्हा काड्या रचून पेटवतात. जाळ चहूकडून लागतो, ही यातली खरी मेख आहे. साल काळी पडते, मग फुगते, मग कुठंतरी चीर पडून रस बाहेर येतो आणि निखाऱ्यावर चरचरतो. भाजणारा लांब काठीनं वांगी फिरवत राहतो. त्याचं लक्ष पोटाकडे नसतं, देठाकडे असतं, कारण वांगं सगळ्यात शेवटी शिजतं ते देठापाशी. तिथं काठी दाबून पाहिली आणि ती रुतली की वांगं बाहेर. गरम असतानाच ओल्या हातानं साल ओढतात, देठ धरायला म्हणून ठेवतात. मग लाकडी भांड्यात लाकडाच्याच मुसळीनं गर ठेचला जातो. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कोथिंबीर, कांद्याची पात, तेल. गरम मसाला नाही, टोमॅटो नाही. टेक्सासवाले मीठमिरीवर थांबतात त्याच कारणानं: धूर आधीच मसाल्याचं काम करून गेलेला असतो. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. वांग्याचा भर हंगाम आणि कपाशी उपटायची वेळ एकाच थंडीत येते, म्हणून हा पदार्थ इथं झाला.

यावर पहिला आक्षेप येईल तो तुलनेवरच. बार्बेक्यू मंद आचेवरचा, बारा तासांचा आणि मांसाचा. भरीत भडक जाळावरचं, घटकाभराचं आणि भाजीचं. मेळ बसतो कुठं? मेळ आचेत शोधला तर बसणार नाही. दोन्हीकडे जळणानं पदार्थ निवडला, एवढंच मला म्हणायचं आहे. ओंडक्यानं चिवट मांस निवडलं, काडीनं पाणीदार वांगं. जळण बदललं की पदार्थ बदलतो, आणि हे पटत नसेल त्यानं बार्बेक्यू परदेशी कसा गेला ते पाहावं. पॅरिसमध्ये २०१४ मध्ये ‘द बीस्ट’ नावाचं दुकान निघालं. त्याचा मालक तोमा अब्रामोविझ आधी टेक्सासात गेला, टेलरच्या लुई म्युलर या जुन्या दुकानात शिकला आणि मग परतून फ्रान्समध्ये भट्टी पेटवली. कोपनहेगनच्या मांसबाजारात २०१५ मध्ये उघडलेल्या ‘वॉरपिग्ज’नंही टेक्सासची भट्टीच नेली. पोस्ट ओक युरोपात उगवत नाही, तेव्हा लाकूड तिथलं घ्यावं लागतं. पण लाकूडच लागतं, आणि त्यापाशी रात्रभर जागणारा माणूस लागतो. तयार बार्बेक्यू डबाबंद करून पाठवणं अमेरिकेला कठीण नव्हतं. बाटलीतला द्रवरूप धूरसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथं विकला जातो. तरी ऑस्टिनच्या ‘फ्रँकलिन’ या दुकानासमोर लोक सकाळपासून रांग लावतात, आणि २०२४ मध्ये मिशेलिन या खाद्यमार्गदर्शिकेनं टेक्सासची पहिली यादी काढली तेव्हा चार बार्बेक्यू दुकानांना एकेक तारा दिला. मान मिळाला तो जाळ राखणाऱ्याला.

भरताचा प्रवास याच्या उलट झाला. जळगावातून भाजलेलं, ठेचलेलं भरीत प्लॅस्टिकच्या डब्यात पुण्यामुंबईला जातं, कुणी बर्फात घालून विमानानं परदेशातल्या मुलांकडे नेतं. जे नेत नाहीत ते तिकडच्या जाड, जांभळ्या वांग्याला ओव्हनमध्ये घालतात किंवा अंगणातल्या गॅसच्या ग्रिलवर टाकतात. घराची आठवण म्हणून ते ठीकच आहे. पण ठेचलेल्या गरातून वास उडत राहतो, पाणी सुटत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन जे ताटात येतं त्याला भरीत म्हणायचं ते उपचारानं. भारतीय शहरांत बार्बेक्यूचंही असंच काहीसं झालंय. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘बार्बेक्यू नेशन’नंतर आपल्याकडे त्या नावानं टेबलातली शेगडी आणि सळीवरचे तुकडे डोळ्यांपुढे येतात. गाईबैलाचं ब्रिस्केट तर गोवंशहत्याबंदीचा २०१५ चा कायदा असताना महाराष्ट्रात कापताही येत नाही. टेक्सासवाल्यांकडून घेण्यासारखी गोष्ट मांसाची नाहीच, जाळ सांभाळण्याची आहे.

गॅसवरही साल करपते आणि वास येतोच की, असं गृहिणी म्हणेल, आणि ते अर्धं खरं आहे. भाजलेल्या वांग्याचा बराच वास खुद्द करपलेल्या सालीचा असतो, तो गॅसवरही मिळतो. लाकडाचा धूर मात्र गॅसमध्ये नाही. शिवाय बर्नरची ज्योत एका बाजूनं लागते. वांगं फिरवत बसलं तरी एक अंग करपतं आणि देठ कच्चा राहतो. वरून कोळशावर तूप सोडून धुंगार देतात, त्यात तुपाचा धूर लागतो, काडीचा नव्हे. पाव किलोच्या घरगुती वांग्याला हे सगळं चालून जातं. जिथं ‘अस्सल खानदेशी’ असा फलक लावून पैसे घेतात तिथं चालू नये.

आरोग्याचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. लाकडाच्या धुरात बेन्झोपायरीनसारखी घातक द्रव्यं असतात, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं त्यात धुरावर टिकवलेलं मांसही आलं. वांग्याची साल आपण काढून टाकतो, चरबी निखाऱ्यावर गळत नाही, खाणंही हंगामापुरतं. तेव्हा खाणाऱ्याला भीती कमी. खरा प्रश्न भाजणाऱ्याचा आहे. घरातल्या बायकांची चुलीच्या धुरातून सुटका व्हावी म्हणून गॅस घरोघरी नेला, तो निर्णय बरोबरच होता, आणि चवीच्या नावाखाली कुणी बाईला पुन्हा धुरात बसवणार असेल तर तसलं भरीत नको. परंतु हंगामभर रोज शेकडो किलो वांगी भाजणारे मजूर आजही उघड्यावर धुरात उभे असतात. टेक्सासच्या भट्टीला धुराडं असतं, जाळ एका टोकाला आणि माणूस दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे पत्र्याची शेड आणि उंच धुराडं एवढं तरी भरीत विकणाऱ्यानं उभारायला हवं. कपाशीवर फवारण्या किती होतात हेही विसरून चालणार नाही. ज्या रानात शेवटपर्यंत औषध मारलं तिथल्या काड्या वांग्याखाली घालू नयेत, त्यापेक्षा तुरीच्या बऱ्या. आणि काड्या जाळण्यापेक्षा कुट्टी करून जमिनीत गाडा, हा कृषी विभागाचा सल्ला मोडायचीही गरज नाही. एकरभर रानाच्या काड्यांतला भरताला लागणारा वाटा मूठभर असतो.

मग करायचं काय? काड्या पॅरिसला पाठवायच्या? तसं नाही. जाळ नेता येत नसेल तिथं खाणाराच जाळापाशी आणावा लागतो, आणि महाराष्ट्रानं हे करून दाखवलंय. हुरड्याची खरी मजा डब्यात नाही. आगटीत भाजलेलं कणीस हातावर चोळून घ्यायला शहरातली माणसं पैसे मोजून शेतात येतात. रायगडात पोपटीचं तेच: भांबुर्डीच्या पाल्यात रचलेलं मडकं रानातच लागतं, आणि अलिबागकडे थंडीत त्यासाठी लोक मुद्दाम जातात. पहूरची बाजू याहून बळकट आहे. जळगाव स्टेशनला उतरून अजिंठ्याला जाणारा माणूस, मग तो जपानचा असो की नागपूरचा, याच गावावरून जातो. लेण्यांना गर्दी थंडीत होते, वांगी थंडीत असतात, काड्या थंडीत निघतात. एवढं जुळून आलेलं असताना या रस्त्यानं जाणाऱ्याला ढाब्यावरचं पनीर खाऊ घालणं हा करंटेपणा आहे.

हॉटेलवाल्यांनी एक चौथरा, एक धुराडं आणि बांधावरच्या चार भारे काड्या एवढी गुंतवणूक करावी, वांगी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भाजावीत आणि त्याचे पैसे ठणकावून घ्यावेत. तुम्ही या थंडीत अजिंठ्याला निघालात तर भरीत मागवण्याआधी वांगी कशावर भाजली ते विचारा, आणि गॅसवर म्हणाले तर वरणभात मागवा.