आपली ओळख आपल्या लेखणीने

नोकरीसाठी किंवा उच्च शिक्षणासाठी अर्ज करावयाचा झाल्यास अर्जदाराला स्वतःची ओळख लिहून द्यावी लागते. नाव, जन्मतारीख, उत्तीर्ण झालेल्या परीक्षा ही माहिती छापील रकान्यांत मावते. परंतु पुष्कळदा त्याखाली कोरी जागा ठेवलेली असते, आणि तेथे स्वतःविषयी चार ओळी लिहावयास सांगितलेले असते. भल्याभल्यांची लेखणी अडते ती याच ठिकाणी. कोणी आपण कष्टाळू, प्रामाणिक व आज्ञाधारक असल्याचे लिहून मोकळे होतात. कोणी जन्मापासूनचा सारा वृत्तान्त मांडतात. पहिल्या प्रकारचे लेखन कोणाच्याही नावावर खपेल आणि दुसरे वाचण्यास कोणाला सवड नसते.

असे लेखन कसे असावे हे पाहण्यासाठी आनंदीबाई जोशी यांचे एक पत्र डोळ्यांपुढे ठेवावे. १८८३ सालच्या जून महिन्यात त्या अमेरिकेत पोहोचल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल केवळ दहा दिवस जगले होते. वैद्यक शिकण्याच्या निश्चयामागे ते दुःख होते. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी २८ जून १८८३ रोजी तेथील अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. ओळखीचे कोणी त्या महाविद्यालयात नव्हते आणि भाषाही परकी होती. एवढा दूरचा प्रवास सफळ होणार की व्यर्थ जाणार, हे पुष्कळसे त्या पत्रावर अवलंबून होते.

प्रवेशाच्या सर्व अटी आपणांस पूर्ण करता येतीलच असे नाही, हे आनंदीबाईंनी त्यात झाकून ठेवले नाही. आपली परिस्थिती इतरांहून वेगळी असल्याने तिचा सहानुभूतीने विचार व्हावा, एवढेच त्यांनी विनविले. पुढे त्यांनी निर्धाराचा उल्लेख केला खरा. परंतु तो नुसता शब्द नव्हता. आप्तेष्टांचा व जातीचा विरोध सोसून ज्या निर्धाराने त्या इतक्या दूर आल्या, तोच पुढील अभ्यासात उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या शब्दामागे समुद्रापलीकडचा प्रवास उभा होता. वाचणाऱ्याने निराळा पुरावा तो काय मागावा! शेवटी त्यांनी हेतू सांगितला. पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना त्यांना वैद्यकीय साहाय्य द्यावयाचे होते.

महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले आणि ज्या कामासाठी त्या शिकल्या, ते त्यांच्या हातून व्हावयाचे राहिले.

प्रत्येकाच्या आयुष्यात एवढे मोठे साहस घडत नाही. मग सामान्य माणसाने काय लिहावे? चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्याचे उदाहरण घेऊ. या भागात कापसाचे पीक होते, आणि चुनखडी विपुल असल्यामुळे गडचांदूरच्या परिसरात सिमेंटचे कारखानेही उभे राहिले आहेत. समजा, येथील एका शेतकऱ्याची मुलगी कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करीत आहे. वेचणीच्या दिवसांत प्रत्येक बाईने किती किलो कापूस वेचला, हे ती रोज सायंकाळी वहीत टिपीत असे आणि त्यावरून मजुरीचा हिशेब करीत असे. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने बाजारात ऐकून ऐकून तिला तेलुगूही बोलता येते. परंतु अर्ज लिहिताना या दोन्ही गोष्टी तिच्या मनातही येत नाहीत; घरचे काम ते काय सांगावयाचे, असे तिला वाटते! तिच्याऐवजी ती लिहिते, ‘मी हुशार व मेहनती आहे.’

वास्तविक काट्यावरच्या माणसाला वजन अचूक टिपावे लागते आणि मालमोटारींच्या चालकांशी बोलावे लागते. त्यांपैकी काही तेलुगू बोलणारेही असावयाचे. तेव्हा त्या वहीची हकिगत दोन वाक्यांत लिहिली, तर ती त्या जागेला किती तंतोतंत लागू पडते! हीच मुलगी उद्या परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज करील, तर वहीला तेवढे महत्त्व उरणार नाही. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा तिने केली असेल, तर ती आधी सांगावी लागेल. आयुष्य तेच असले, तरी ज्याला ते सांगावयाचे त्याची गरज पाहून निवड बदलते. निवड बदलावी, घटना मात्र बदलू नये. दोन हंगाम हिशेब ठेवला असेल, तर पाच हंगाम लिहू नयेत. कारण मुलाखतीच्या वेळी समोरचा गृहस्थ नेमके तेच विचारतो: वही कशी आखली होती, एखाद्या दिवशी बेरीज जुळली नाही तेव्हा काय केले, आणि मजुरीवरून तंटा झाला असता तो कसा मिटविला.