परक्याची ओळख

बसविलेला अवयव शरीर का नाकारते, असे विचारले की आपण चटकन ‘रक्त जुळले नसेल’ म्हणून मोकळे होतो. गोष्ट इतकी सरळ नाही. शस्त्रवैद्य गिब्सन व प्राणिशास्त्रज्ञ मेडावर यांनी 1943 साली ग्लासगो येथील एक हकीकत प्रसिद्ध केली. भाजलेल्या एका तरुणीच्या जखमांवर त्यांनी तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे बसविले. ते आधी रुजले, मग झडले. पंधरवड्याने त्याच भावाची त्वचा पुन्हा लावली; ती फारच लौकर नष्ट झाली. दोष नुसता त्वचेत असता, तर दोन्ही खेपांना सारखाच काळ लागता. शरीराने परक्याची ओळख लक्षात ठेवली होती! लस टोचल्यावर राहते, त्याच जातीची ही आठवण, असे आम्ही समजतो.

1954 साली बॉस्टनला मरे यांनी मूत्रपिंड बसविले ते रोग्याच्या एकबीज जुळ्या भावाचे. तेथे परके असे काही नव्हतेच. रोगी आठ वर्षे जगला. पण असा जुळा भाऊ कितीजणांना असणार? इतरांना प्रतिकार दडपणारी औषधे बहुधा जन्मभर घ्यावी लागतात, आणि तीच औषधे जंतूंवरचा पहाराही ढिला करतात. म्हणून कित्येक रोग्यांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण वरचेवर मोजून मात्रा ठरवितात.