सदाफुली, पेशीतले रस्ते आणि पायाला येणाऱ्या मुंग्या

अंगणातली सदाफुली आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. तिची पानं साखरेवर चालतात का, हा प्रश्न गटाच्या बैठकीत हमखास येतो. ज्यांच्या घरी कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्या विचारतात, केमोनंतर पाय बधिर का होतात? दोन्ही प्रश्नांचं उत्तर आपल्या पेशीच्या आत आहे. तेच आज सांगतो.

पेशी म्हणजे नुसती पाण्याची पिशवी नव्हे. घराला वासे असतात तसा तिच्या आत बारीक धाग्यांचा आणि नळ्यांचा सांगाडा असतो. या नळ्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे मणी एकमेकांना जोडून त्या बनतात, सुटतात, पुन्हा बनतात.

याच नळ्या पेशीतले रस्तेही आहेत. त्यांच्यावरून ओझं वाहणारी प्रथिनं अक्षरशः पावलं टाकत चालतात. त्यातलं कायनेसिन १९८५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना सापडलं. त्याचं एक पाऊल इतकं लहान, की एक मिलिमीटर जायला सव्वा लाख पावलं लागतात! कायनेसिन बहुतेक माल पेशीच्या मध्यापासून टोकाकडे नेतं आणि डायनीन टोकाकडून परत आणतं. डायनीन एकेकटं अशक्त असतं, पण अनेक मिळून मोठं ओझं ओढतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने २०१३ मध्ये हे दाखवलं. बचत गटातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता पायाच्या बोटाकडे येऊ. बोटाला स्पर्श कळवणाऱ्या चेतापेशीचं मुख्य शरीर कमरेत, मणक्यापाशी असतं. तिथून तिचा तंतू थेट बोटापर्यंत येतो, मोठ्या माणसात जवळजवळ एक मीटर. लागणारा बराचसा माल मुख्य शरीरात तयार होतो आणि या हमालांकरवी टोकाला पोचतो. रस्ता बिघडला, की सगळ्यात लांबच्या टोकाचे हाल आधी होतात.

इथे सदाफुलीचा संबंध येतो. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर मधुमेहासाठी तिची पानं तपासत होते. प्रयोगातल्या उंदरांची साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. पुढे याच झाडातून कर्करोगाची औषधं निघाली. त्यातलं व्हिन्क्रिस्टीन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. ते ट्युब्युलिनला चिकटतं आणि नळ्या बनू देत नाही. पेशी दुभंगताना तिची गुणसूत्रं वाटून द्यायलाही याच नळ्या लागतात, म्हणून कर्करोगाच्या पेशीची वाढ थांबते. स्तनाच्या कर्करोगात देतात ते पॅक्लिटॅक्सेल उलट करतं. ते नळ्या सुटूच देत नाही, पण परिणाम तोच.

मात्र औषध चेतापेशीतल्या नळ्यांनाही धक्का लावतं. म्हणून पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत. व्हिन्क्रिस्टीनमध्ये शौचालाही कडक होतं. हे मनाचे खेळ नाहीत. "एवढ्या मोठ्या आजारात हे काय सांगायचं?" असं म्हणून गप्प बसू नका. पुढच्या केमोआधी डॉक्टरांना नक्की सांगा. त्यांना औषधाचं प्रमाण कमी करता येतं किंवा औषध बदलता येतं. स्वतःहून मात्र उपचार थांबवू नका. पुष्कळ जणींचा त्रास उपचार संपल्यावर हळूहळू कमी होतो. तोवर घरातही चप्पल घाला, आंघोळीचं पाणी कोपराने तपासा, रोज तळपाय बघा.

आणि सदाफुलीची पानं? ती खाऊ नका, काढाही करू नका. झाड विषारी आहे. औषध मोजून, शिरेतून आणि रक्ततपासणी करत दिलं जातं. पानात किती काय आहे ते घरी कुणाला मोजता येत नाही. सदाफुली अंगणातच शोभते.