जपानच्या दक्षिण द्वीपांतील उन्हाळी मिठाई

जिन्नस जेथे पिकतो तेथे त्याची गोडी असते आणि जेथे विकला जातो तेथे त्याचा भाव ठरतो, हे व्यापारी वाचकांस सांगावयास नको. या दोन स्थळांमधील अंतर जितके अधिक, तितकी मधल्या माणसाची जबाबदारीही अधिक. जपानच्या दक्षिणेकडील बेटांत उन्हाळ्याच्या दिवसांत जी मिठाई केली जाते, तिची हकीकत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. ती वरवर पाहता खाद्यपदार्थांची हकीकत आहे; परंतु तिच्या मुळाशी ऊस आहे, गूळ आहे, आणि सुमारे चारशे वर्षांचा व्यापार आहे.

नकाशावर पाहिले असता जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकापासून थेट तैवानपर्यंत लहान लहान बेटांची एक माळ पसरलेली दिसते. तिच्या उत्तरेकडील आमामी बेटे आज कागोशिमा प्रांतात मोडतात. दक्षिणेकडील बेटांचा मिळून ओकिनावा प्रांत होतो. पूर्वी येथे र्युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते व शुरी ही त्याची राजधानी होती. 1879 मध्ये जपानने ते राज्य खालसा केले. हे राज्य चीनशी आणि जपानशीही व्यापार करून राहत असे, त्यामुळे तेथील मुदपाकखान्यात दोन्ही देशांच्या रीती एकत्र नांदल्या. हवा उष्ण व दमट, उन्हाळा लांब आणि वादळे वारंवार. वादळात आडवे पडूनही पुन्हा उभे राहणारे पीक म्हणून ऊस तेथे रुजला.

उसापासून गोडी काढण्याची विद्या आपल्याच देशातून पूर्वेकडे गेली. सातव्या शतकात चीनच्या तांग सम्राटाने मगध देशी माणसे पाठवून साखर करण्याची कृती मिळविली, असे चिनी इतिहासग्रंथांत नमूद आहे. चीनमधून ती र्युक्यूला पोचण्यास हजार वर्षे लागली. 1623 मध्ये गिमा शिंजो या र्युक्यूच्या अधिकाऱ्याने चीनच्या फुजियान प्रांतात माणसे धाडून ही कृती शिकवून आणविली. त्या काळापर्यंत साखर म्हणजे जपानी लोकांस परदेशाहून येणारे मोलाचे औषधच होते. नारा येथील तोदाइजी मंदिरातील 756 सालच्या औषधांच्या यादीत साखरेचे नाव आढळते.

या बेटांवर जो पदार्थ तयार होऊ लागला त्यास 'कोकुतो', म्हणजे काळी साखर, असे म्हणतात. नाव साखरेचे असले तरी आपल्या भाषेत तो गूळच होय. ऊस चरकात घालून रस काढावयाचा, रसात थोडा चुना टाकून आंबटपणा मारावयाचा व मळी वर आणावयाची, मग रस आटवून, घोटून थंड करावयाचा. कोल्हापूर अथवा बेळगाव भागातील गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे, त्यास यात अपरिचित असे फारसे काही वाटणार नाही. आज ओकिनावाच्या आठ लहान बेटांवर हा गूळ तयार होतो : इए, इहेया, आगुनी, तारामा, कोहामा, इरिओमोते, हातेरुमा आणि योनागुनी. जमीन व हवा यांच्या भेदामुळे एका बेटाच्या गुळाची चव दुसऱ्यास नाही. कोठे तो खारट लागतो, कोठे कडसर, तर कोठे नुसता मऊ गोड. आणि जाणते गिऱ्हाईक बेटाचे नाव विचारूनच खडा उचलते.

आता या गुळाच्या मिठाईकडे वळू. उन्हाळ्यातील सर्वांत लोकप्रिय पदार्थ म्हणजे ओकिनावाचा 'झेनझाई'. जपानच्या मुख्य भूमीवर झेनझाई म्हणजे लाल चवळीसारख्या आझुकी नावाच्या दाण्यांची गरमागरम गोड खीर; ती थंडीत खातात. ओकिनावात मात्र राजमा गुळाच्या पाण्यात मऊ शिजवून गार करतात, त्यात तांदळाच्या पिठाच्या लहान गोळ्या घालतात आणि वर किसलेल्या बर्फाचा डोंगर रचतात. एकच नाव, परंतु हवेने त्याचा अवतार बदलला.

'चिनबिन' हा पदार्थ आपल्या गृहिणींस विशेष जवळचा वाटेल. गव्हाच्या पिठात गूळ कालवून पातळ धिरडे घालावयाचे व त्याची सुरळी करावयाची, एवढीच त्याची कृती. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी, मुलांच्या आरोग्यासाठी तो करण्याची तेथे चाल आहे. 'साता आंदागी' या तळलेल्या गोळ्याचे नावच त्याची कृती सांगते. साता म्हणजे साखर, आंदा म्हणजे तेल, आणि आगी म्हणजे तळणे. मंद आचेवर तळताना गोळा एका बाजूस उलतो आणि फूल उमलल्यासारखा दिसतो. नाहा शहरात 'तोगानझुके' नावाची राजदरबारी मिठाई मिळते. चीनमधून आलेली ही मिठाई म्हणजे कोहळ्याच्या फोडी साखरेच्या पाकात मुरवून वाळविलेल्या; म्हणजे आग्र्याच्या पेठ्याची सख्खी बहीणच. फळही तेच आणि युक्तीही तीच.

उत्तरेकडे शिकोकू बेटावर आणखी एक प्रकार आहे. तेथील तोकुशिमा व कागावा या भागांत एका बारीक जातीच्या उसापासून 'वासान्बोन' नावाची अतिशय मुलायम साखर करतात. कच्ची साखर थोडे पाणी शिंपडून फळीवर हाताने मळावयाची, मग दाबाखाली ठेवून तिच्यातील काकवी गाळावयाची, आणि हा क्रम पुन्हा पुन्हा करावयाचा. नावातील 'सान्बोन' हा शब्द तीन फळ्यांवरून आला असे सांगतात. ही साखर लाकडी साच्यांत दाबून शिंपले, लाटा, मासे अशा आकृत्या केल्या जातात. उन्हाळ्यात अशी एखादी लाट जिभेवर ठेवली की ती क्षणात विरते.

उन्हाळी मिठाईत जपानी माणूस चवीइतकेच डोळ्यांस महत्त्व देतो. समुद्रातील तेंगुसा नावाच्या शेवाळापासून 'कांतेन' निघतो. आपल्याकडे यालाच चायना ग्रास म्हणतात. हे शेवाळ इझू द्वीपकल्प व इझू बेटांच्या किनाऱ्यावर विशेष चांगले मिळते. त्याच्या पारदर्शक वडीत रंगीत मासा अथवा हिरवे पान गोठवून निर्मळ पाण्याचा भास करून देतात. त्याच शेवाळाच्या गार शेवया म्हणजे 'तोकोरोतेन'. तोक्योकडील लोक त्या शिरका व सोयाच्या रसात, मोहरी लावून खातात. ओसाकाकडील लोक त्यांवर काळ्या गुळाचा पाक घालतात. बेटांवरचा गूळ असा आगरातून बाजारात आणि बाजारातून ताटात आला.

परंतु या पाकाच्या गोडीमागे एक कडू प्रकरण आहे, आणि व्यापाऱ्याने ते वगळून पुढे जाणे योग्य नव्हे. 1609 मध्ये सात्सुमा संस्थानाने र्युक्यूवर स्वारी केली आणि आमामी बेटे आपल्या प्रत्यक्ष अंमलाखाली घेतली. पुढे संस्थान कर्जात बुडाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्जाचा आकडा 50 लाख र्यो या तत्कालीन सुवर्णनाण्यांवर गेला. झुशो हिरोसातो या कारभाऱ्याने दोन उपाय केले. एक, ओसाका इत्यादी ठिकाणच्या सावकार व्यापाऱ्यांस सांगितले की, मुद्दल 250 वर्षांच्या हप्त्यांनी, बिनव्याजी मिळेल. 1871 मध्ये संस्थानेच नाहीशी झाली तेव्हा ते हप्तेही थांबले. दुसरा उपाय अधिक कठोर होता. 1830 पासून आमामी ओशिमा, किकाई व तोकुनोशिमा या तीन बेटांवरील सर्व गूळ संस्थानानेच घ्यावयाचा असे ठरले. बेटवाल्यास रोख पैसा मिळेना. गुळाच्या मोबदल्यात तांदूळ, कापड, भांडी इत्यादी माल संस्थान ठरवील त्या दराने घ्यावा लागे. चोरून गूळ विकणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. भाताची खाचरे मोडून तेथे ऊस लावला गेला, आणि दुष्काळ पडला की लोक सोतेत्सु नावाच्या झाडाचे विषारी पीठ धुऊन धुऊन खात. कर्जापायी कित्येक कुटुंबे वेठबिगार झाली. ज्या हातांनी गूळ घडविला, त्यांस तो चाखण्याची मोकळीक नव्हती. या काळास जपानी इतिहासात 'काळ्या साखरेचा नरक' असे म्हणतात.

नवे सरकार आल्यावर 1873 मध्ये गूळ मोकळेपणाने विकण्यास परवानगी मिळाली. परंतु कागोशिमात एक कंपनी उभी राहून तिने मक्ता आपल्याकडेच ठेवला. तेव्हा मारुता नानरी नावाच्या बेटवासीयाने आपला माल आपल्या मर्जीच्या गिऱ्हाइकास विकता यावा, अशी चळवळ चालविली. 1877 मध्ये अर्ज घेऊन कागोशिमास गेलेल्या मंडळींस तुरुंगात टाकण्यात आले. तथापि पुढे लवकरच तो मक्ता मोडला. मालाची किंमत विकणाऱ्याच्या संमतीने ठरावी, एवढीच त्यांची मागणी होती. व्यापाराचा पायाच तो आहे. जेथे एका बाजूस नकार देण्याची सोय नाही, तेथे देवघेव चालते, पण तिला व्यापार म्हणता येत नाही.

आज या बेटांपुढील प्रश्न वेगळा आहे. स्वच्छ साखर आणि स्वस्त कच्ची साखर मिसळून केलेला काळा खडा बाजारात मूळ गुळाशेजारी येऊन बसतो, आणि वरून पाहणाऱ्यास भेद कळत नाही. म्हणून केवळ उसाचा रस आटवून केलेल्या मालासच 'कोकुतो' म्हणावे व मिश्र मालावर तसे स्पष्ट लिहावे, असा नियम जपानात करण्यात आला आहे. लहान बेटावर गुळाचा कारखाना हाच बहुधा एकमेव उद्योग असतो. तो बंद पडला तर ऊस कोणी लावणार नाही, आणि ऊस गेला तर तरुण माणसेही बेट सोडतील. अशा स्थितीत नावाची शुद्धता हा केवळ कायद्याचा विषय राहत नाही. त्यावर वस्ती टिकणे अवलंबून असते. आपल्याकडे कोल्हापुरी गुळास 2014 मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली, आणि गुळात साखर मिसळल्याच्या तक्रारीही आपण ऐकतो. दोन्ही ठिकाणी दुखणे एकच आहे.

जपानातील व्यापारी जुलै-ऑगस्टच्या सुमारास आपल्या गिऱ्हाइकांस व स्नेह्यांस 'ओचूगेन' म्हणून भेटी पाठवितात. आपल्या दिवाळीच्या मिठाईसारखीच ही चाल. त्यात आझुकीच्या वाटणाची, कांतेन घालून गोठविलेली गार वडी, म्हणजे 'मिझु योकान', पुष्कळदा असते. गंमत अशी की, फुकुई प्रांतात हीच वडी ऐन थंडीत, शेगडीजवळ बसून खातात. प्रवासास गेलेला माणूसही त्या त्या गावची मिठाई पेटीत घालून घरी व कचेरीत आणतो, आणि या रिवाजामुळे गावोगावच्या लहान मिठाईवाल्यांस गिऱ्हाईक मिळते.

आपल्या समाजातील जे बंधू-भगिनी व्यापारानिमित्त तिकडे जातात, त्यांच्या माहितीसाठी चार गोष्टी नमूद करणे अगत्याचे आहे. मिझु योकान, तोकोरोतेन व कांतेनच्या वड्या वनस्पतिजन्य असतात, तरी कांतेनऐवजी प्राणिजन्य जिलेटिन वापरलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. साता आंदागीत अंडे असते. 'चिन्सुको' ही ओकिनावाची प्रसिद्ध खुसखुशीत बिस्किटे परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. कागोशिमाचा पांढरा, हलका 'कारुकान' डोंगरी कंदापासून होतो, म्हणून कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी तो टाळावा. कोकुतोचा खडा, तोगानझुके आणि वासान्बोनच्या आकृत्या यांत मात्र मूळ कृतीप्रमाणे ऊस, फळ व साखर यांखेरीज विशेष काही नसते.

पदार्थ विकत घेताना तो कशाचा केला आहे, कोठे केला आहे व करणाऱ्यास त्याचे योग्य मोल मिळाले काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय गिऱ्हाइकाने लावून घेतली, तर दूरच्या बेटावरील एखादे गुऱ्हाळ चालू राहते. आणि त्या प्रश्नांचे खरे उत्तर देणारा दुकानदार असेल, तर त्याचे दुकानही चालू राहते.