विश्लेषण : बिबट्यांच्या परिसरातील मुलांना वन्यजीवांचे धडे का हवेत?

उसाच्या शेतांलगत राहणाऱ्या मुलांसाठी बिबट्या हा पुस्तकातला प्राणी नाही. तो शाळेच्या वाटेवर, गोठ्याच्या मागे आणि घराच्या अंगणात येतो. अशा गावांत पर्यावरण शिक्षण म्हणजे केवळ निसर्गप्रेम नव्हे, तर जीव वाचवण्याचे ज्ञान ठरते. पण हे शिक्षण कसे असावे, ते घरापर्यंत पोहोचते का आणि त्याच्या मर्यादा काय, याविषयी…

हा प्रश्न ऐरणीवर का आला?

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत अवघ्या तीन आठवड्यांत तिघांचा मृत्यू झाला. त्यात दोन लहान मुले होती. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. त्यानंतर वन विभागाने नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला गोळ्या घालून ठार केले. गळ्याभोवती अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाणाऱ्या ग्रामस्थांची छायाचित्रे याच काळात राज्यभर पाहिली गेली. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात मुलांना शाळेत एकटे पाठवायचे की नाही, हा रोजचा प्रश्न बनला.

अशा वेळी पिंजरे, गस्त, नसबंदी, स्थलांतर या उपायांची चर्चा होते. ती आवश्यकही आहे. मात्र बिबट्याचा वावर असलेल्या परिसरात मुलांनी कसे वागायचे, हे त्यांना कोण आणि कधी शिकवणार, हा मुद्दा दर वेळी मागे पडतो. मोठ्यांच्या तुलनेत मुलांना धोका अधिक असल्याने या मुद्द्याला सर्वाधिक महत्त्व आहे.

बिबट्या उसात कसा आला?

बिबट्याला घनदाट जंगलच लागते असे नाही. लपायला आडोसा, पाणी आणि खाद्य मिळाले की तो राहतो. धरणे आणि कालव्यांमुळे पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाढला. वर्षभराहून अधिक काळ उभे राहणारे हे उंच, दाट पीक बिबट्याला लपण्यासाठी आणि मादीला पिल्ले वाढवण्यासाठी सोयीचे ठरले. उसात जन्मलेल्या पिल्लांच्या दृष्टीने तेच त्यांचे जंगल असते.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरातील शेतजमिनीवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे दर १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्याच भागात माणसांची घनता दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक होती. या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातील प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. गावातील उघडा कचरा कुत्र्यांना पोसतो आणि कुत्री बिबट्याला, असा हा सरळ हिशेब आहे.

देशातील बिबट्यांची संख्या २०२२ च्या गणनेनुसार १३ हजार ८७४ असून महाराष्ट्रात ती १ हजार ९८५ आहे. मात्र ही गणना प्रामुख्याने वनक्षेत्रातील आहे. उसातले बिबटे त्यात पूर्णपणे मोजले गेलेले नाहीत.

सगळे बिबटे पकडून दूर सोडले तर?

हा प्रयोग जुन्नरमध्ये होऊन गेला आहे. २००१ पासून या भागातील बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत, तसेच काही इतरत्र सोडण्यात आले. अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, त्याआधी १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यानंतर ही सरासरी १७ वर गेली. अनोळखी जागी सोडलेला प्राणी बिथरतो, परतण्याचा प्रयत्न करतो. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो.

या अनुभवानंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये मानव-बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट पकडून सोडण्याऐवजी लोकांमध्ये जागृती, प्रशिक्षित पथके आणि पशुधनाची सुरक्षितता यांवर त्यात भर होता. माणसावर हल्ला करणाऱ्या विशिष्ट बिबट्याचा बंदोबस्त करावाच लागतो. पण एक बिबट्या हटवला म्हणून परिसर बिबट्यामुक्त होत नाही. म्हणजेच मुलांना त्याच्या शेजारी राहायचे कसे, हे शिकावेच लागणार.

मुलांनाच धोका अधिक का?

बिबट्या साधारणपणे आपल्यापेक्षा लहान किंवा आपल्याएवढ्या आकाराच्या भक्ष्यावर झडप घालतो. उभा प्रौढ माणूस त्याच्या नेहमीच्या भक्ष्यात बसत नाही. मात्र लहान मूल, वाकून गवत कापणारी बाई, उघड्यावर शौचास बसलेली व्यक्ती यांचा आकार त्याला लहान भासतो. बिबट्याचा वावर संध्याकाळी, रात्री आणि पहाटे अधिक असतो. नेमक्या याच वेळी मुले अंगणात खेळतात, दुकानात जातात किंवा शौचासाठी बाहेर पडतात.

ऊसतोडणी सुरू झाल्यावर धोका आणखी वाढतो. गळीत हंगामात आडोसा झपाट्याने कमी होतो, बिबट्यांची हालचाल वाढते आणि तोडणीवेळी फडात बछडी सापडतात. कुतूहलाने ती उचलणे, त्यांच्यासोबत छायाचित्रे काढणे महागात पडते, कारण मादी बहुतेक वेळा जवळपासच असते. वन विभाग आणि माणिकडोह येथील बिबट निवारण केंद्राची पथके अशी बछडी तपासून त्याच जागी ठेवतात. रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. ही एवढी माहिती गावातल्या प्रत्येक मुलाला असली, तरी मोठा अनर्थ टळू शकतो.

शाळेत सध्या काय शिकवले जाते?

पर्यावरण शिक्षण ही ऐच्छिक बाब नाही. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या आदेशाने शाळा आणि महाविद्यालयांत हा विषय अनिवार्य करण्याची दिशा ठरली. केंद्राने २००१ मध्ये राष्ट्रीय हरित सेना ही योजना आणली. त्यातून शाळाशाळांत पर्यावरण मंडळे स्थापन झाली. महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीत ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहे. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे.

अडचण विषयाच्या नावात नाही, आशयात आहे. वाघ वाचवा, झाडे लावा, प्लास्टिक टाळा या घोषणा राज्यभर सारख्याच असतात. चित्रकला आणि घोषवाक्य स्पर्धा झाली, पर्यावरण दिनाला रोप लावले की वर्षाचा कार्यक्रम संपतो. मुलांना आफ्रिकेतला सिंह आणि ध्रुवीय अस्वल ओळखता येते, पण मातीतला ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा, हे सांगता येत नाही. बिबट्याच्या ठशात सहसा नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. ‘परिसर अभ्यास’ या नावाचा अर्थ खरा करायचा, तर जुन्नरच्या शाळेत बिबट्या, किनाऱ्यावरच्या शाळेत कासव आणि ताडोबाच्या वेशीवरच्या शाळेत वाघ हा पहिला धडा असायला हवा.

मुलांनी शिकलेले घरी पोहोचते का?

पोहोचते, असे अभ्यास सांगतात. सेशेल्स या बेटांच्या देशातील वन्यजीव मंडळांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना पाणथळ जागांविषयी शिकवले गेले, त्यांच्या पालकांचे त्या विषयाचे ज्ञान अधिक होते आणि घरातला पाण्याचा वापरही सुधारल्याचे त्यांनी सांगितले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत हवामान बदल शिकलेल्या मुलांच्या पालकांमध्ये या प्रश्नाविषयीची आस्था वाढली. त्यात मुलींचा प्रभाव अधिक होता.

ऊस पट्ट्यात याचा अर्थ सरळ आहे. गोठ्याला दार हवे, शेळ्या रात्री बाहेर बांधू नयेत, कचरा उघड्यावर टाकू नये, अंगणात झोपू नये, या सूचना वन विभागाचा फलक वर्षानुवर्षे देतो. तेच मूल घरी रोज बोलू लागले, तर आजोबा गोठ्याचे दार दुरुस्त करण्याची शक्यता अधिक.

प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो?

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २००४ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचा बळी गेला. २०११ मध्ये वन विभागाने अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. वस्त्या, पाडे, गृहसंकुले, पोलीस आणि पत्रकार यांच्याबरोबरच शाळकरी मुलांपर्यंतही माहिती नेण्यात आली. बिबट्या दिसला की पिंजऱ्याची मागणी करण्याऐवजी कचरा आणि कुत्र्यांकडे पाहण्याची दृष्टी त्यातून रुजू लागली. मात्र संकट कायमचे संपले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरे वसाहतीत एका चिमुकलीचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जागृती एकदा करून सोडण्याची गोष्ट नाही, हेच त्यातून दिसले.

दुसरा अनुभव नागालँडचा. वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये अमूर ससाणा या स्थलांतरित पक्ष्याची जाळी लावून प्रचंड प्रमाणात शिकार होत असल्याचे उघड झाले. वर्षभरातच, २०१३ च्या हंगामात ती थांबली. या पक्ष्याविषयी शिकवणारी मुलांची मंडळे गावागावांत सुरू झाली होती. पण केवळ मुलांनी हे घडवले नाही. ग्रामपरिषदेने बंदी घातली, चर्चने आवाहन केले, प्रशासनाने लक्ष ठेवले. मुलांचा शब्द आणि गावाचा निर्णय एकत्र आले, तेव्हा बदल झाला. विशेष म्हणजे, उपग्रह टॅग लावलेले हे ससाणे आफ्रिकेकडे जाताना महाराष्ट्रावरूनही गेल्याच्या नोंदी आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाचे उदाहरणही बोलके आहे. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले. पुढे कासव महोत्सवामुळे घरोघरी पर्यटक राहू लागले. अंडी विकण्यापेक्षा पिल्ले समुद्रात सोडण्यात गावाचे हित आहे, हे तेथील मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. बिबट्याच्या बाबतीत मात्र असा थेट लाभ नाही, उलट शेळी आणि जीव जाण्याची भीती आहे. म्हणूनच येथे ‘बिबट्यावर प्रेम करा’ हा उपदेश चालत नाही.

मग मुलांना नेमके काय शिकवायचे?

आधी सुरक्षितता, मग कुतूहल आणि त्यानंतर संवर्धन, असा क्रम हवा. अंधार पडल्यावर एकटे बाहेर पडायचे नाही. घोळक्याने, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालायचे. हातात विजेरी ठेवायची. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहायचे नाही. बिबट्या दिसला तर पाठ करून पळायचे नाही. उभे राहून आवाज करत हळूहळू मागे सरायचे. त्याला घेरायचे नाही, दगड मारायचे नाहीत, चित्रीकरणासाठी मागे लागायचे नाही. बछडी सापडल्यास हात न लावता मोठ्यांना सांगायचे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे.

त्यानंतर मुले आपल्या गावाचा नकाशा काढू शकतात. कुठे दिवा नाही, कुठे कचरा साचतो, कोणत्या वाटेला ऊस अगदी लागून आहे, कोणाचा गोठा उघडा आहे, हे त्यावर दाखवता येते. असा नकाशा ग्रामसभेत मांडला, तर तो केवळ शाळेचा प्रकल्प उरत नाही. वाघोबाची देवस्थाने, आजी-आजोबांच्या बिबट्याच्या गोष्टी यांचीही नोंद करता येते. या प्राण्याबरोबर आधीच्या पिढ्या कशा राहिल्या, हे त्यातून कळते.

या शिक्षणाच्या मर्यादा कोणत्या?

सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे ज्या मुलांना सर्वाधिक धोका आहे, तीच अनेकदा शाळेत नसतात. ऊसतोडणीसाठी आलेल्या मजुरांची मुले फडाच्या कडेला कोपीत राहतात. त्या कोपीला दार नसते, वीज नसते, शौचालय नसते. पहाटे आईवडील तोडणीला गेले की धाकट्यांना सांभाळायला मोठे भावंड उरते. शाळेतला धडा तेथे पोहोचत नाही. त्यासाठी वनरक्षक, शिक्षक आणि कारखान्याची यंत्रणा यांना हंगामाच्या सुरुवातीलाच कोपीपर्यंत जावे लागेल.

दुसरी मर्यादा जबाबदारीची. मुलाला ‘अंधारात बाहेर जाऊ नकोस’ असे शिकवणे सोपे आहे. पण घरात शौचालय नसेल तर तो काय करणार? घोळक्याने चालायला सांगितले, पण वस्तीवर शाळेत जाणारे मूल एकच असेल तर? रस्त्यावरचे दिवे, शाळेची वाहतूक, बंदिस्त गोठे, शेतीला दिवसा वीज आणि वन विभागाकडे पुरेसे मनुष्यबळ ही मोठ्यांची कामे आहेत. ती न करता मुलांना धडे दिले, तर हल्ल्याचा दोषही मुलांच्याच माथी येईल.

पिंपरखेडसारख्या घटनेनंतर पिंजरे लागतात, काही दिवस गस्त वाढते आणि पुढच्या घटनेपर्यंत सारे शांत होते. उसाबरोबर बिबट्या राहणार असेल, तर शाळेचा पहिला तास आणि ग्रामसभेतला पहिला ठराव एकाच विषयावर असायला हवा. मुलांनी काढलेल्या नकाशावरच्या अंधाऱ्या जागी दिवा लागला, तर त्या शिक्षणाला अर्थ येईल.